तिसरं पेडल

मी जीपचं दार उघडून खाली पाहिलं, तर पेडलं तीन.

दोन हवी होती. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. मी दोन पेडलांची जीप शोधून घेतली होती आणि दोन पेडलांचीच या वर्कशॉपमध्ये सोडून गेले होते. दोन सीटच्या मध्ये ऑटोमॅटिकचा आखूड दांडा होता, तिथे आता लांब मानेचा गियर उभा होता. मी माझ्या परकराचा, पोयेऱ्याचा, घेर एका हातानं गोळा केला, वाकले आणि ते तिसरं पेडल दुसऱ्या हातानं दाबून पाहिलं. घट्ट होतं. त्याच्यावर नवंकोरं रबर बसवलेलं होतं.

मास्टर फोर्तुनातो हात पुसत पुसत आला. लग्नात आहेर दाखवणाऱ्याचा असतो तसा चेहरा होता त्याचा.

"कसं झालंय, दोन्या बेनेदिक्ता?"

"हे काय आहे?"

"क्लच."

"क्लच आहे ते कळतंय मला. अर्धं आयुष्य क्लचवर काढलंय मी. तो इथे काय करतोय?"

फोर्तुनातो गोंधळला. मी ती जीप त्याच्याकडे एकाच कामासाठी दिली होती. आमच्याकडे जुन्या जीपा येतात त्या जपानहून, बोटीनं, चिलीच्या बंदरातून. स्टिअरिंग उजवीकडे. आपल्याला ते डावीकडे लागतं. म्हणून एल आल्तोमध्ये गल्लोगल्ली अशी वर्कशॉपं आहेत, जिथे उजवीकडची गाडी डावीकडची करून देतात. तेवढंच करायचं होतं. फोर्तुनातो म्हणाला, तुमच्या कोंपाद्रेचा फोन आला होता, दॉन इलारिओनचा. गाडी खोललीच आहे तर गियरबॉक्सही बदलून टाका म्हणाले, ऑटोमॅटिक डोंगरात नेतं कोण. पैसेही त्यांनीच पाठवले. तुम्हाला आधी सांगायचं नाही म्हणाले, गाडीच्या पाद्रिनोची भेट आहे.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे उजव्या तळपायाची. डाव्यात आग जाण्याइतकं काही उरलेलं नाही.

तो डावा पाय मागच्या पावसाळ्यात गेला. तिपुवायाच्या उतारावर टायर बदलत होते, चिखलात जॅक सरकला आणि जीप गुडघ्यावर बसली. पाय कापावा लागला नाही, ला पाझच्या डॉक्टरांनी सळया घालून जोडला, पण गुडघा वाकायचा बंद झाला. चालता येतं, नाचताही येतं, पाय जरा बाहेरून फिरवावा लागतो एवढंच. क्लच मात्र दाबता येत नाही. एकदा दाबता येईल, दोनदा येईल, पण आमच्या रस्त्याला तीनशे वळणं असतील आणि प्रत्येक वळणावर क्लच लागतो.

चुल्पायाहून तिपुवायाला, म्हणजे बर्फाच्या डोंगरावरून खाली सोन्याच्या खाणींच्या गरम दरीत, जीपशिवाय काही उतरत नाही. आमची चालकांची संघटना आहे, तिच्या रांगेत ज्याचा नंबर त्याची फेरी. त्या रांगेत माझा नंबर आहे. तो नवऱ्याकडून आलेला नाही. नवरा होता तेव्हाही जीप मीच चालवायचे आणि तो मागे बसून टोपी सांभाळायचा. सगळ्या रांगेत पोयेरा नेसणारी मी एकटी. पाय मोडल्यावर माझ्या नंबरवर माझा जावई विल्देर माझी जुनी जीप चालवायला लागला. मुलगा वाईट नाही. पण गाडी अशी चालवतो की जणू ती त्याचं काही देणं लागते. वर्षभरात जुन्या जीपचं पार खोबरं झालं. मग मी नवी घ्यायचं ठरवलं, आणि ऑटोमॅटिक घ्यायचं ठरवलं.

संघटनेच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. इलारिओन हसला नाही. तो संघटनेचा सचिव आणि माझा कोंपाद्रे. माझ्या मुलीला, योवानाला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातात धरलं होतं, म्हणजे तो तिचा पाद्रिनो, धर्मपिता, आणि मी त्याची कोमाद्रे. त्यानं शांतपणे एकेक मुद्दा मांडला. वर थंडीत बॅटरी बसली की गियरची गाडी धक्का मारून चालू करता येते, ऑटोमॅटिकला कितीही धक्के मारा, ती ढिम्म. उतारावर गियरची गाडी इंजिनावर धरून ठेवते, ऑटोमॅटिक निसटू बघते आणि मग सगळा भार ब्रेकवर. शिवाय ऑटोमॅटिक बिघडली तर चुल्पायात ती खोलणारा माणूस नाही.

सगळं खरं होतं. मी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, दुसरी बॅटरी ठेवीन. उतारावर फोर व्हील लो मध्ये, चारही चाकं सावकाश फिरतील असं, टाकीन आणि ब्रेक तापले की थांबेन. आणि बिघडली तर बिघडली, तुमच्या गाड्या काय बिघडत नाहीत? निम्म्या तर आत्ता दगडावर उभ्या आहेत.

"मग हट्ट कशाला, कोमाद्रे?" इलारिओन म्हणाला. "गियरचीच घे. विल्देर चालवेल. तू निवांत घरी बस. तुला काय कमी आहे?"

तेव्हा मला कळलं की गियरबॉक्स कुठला चांगला हा वादच नव्हता. गाडी कोण चालवणार हा वाद होता. क्लच हे नुसतं निमित्त होतं, माझ्या वाटेत आडवं टाकायला सापडलेलं.

ऑटोमॅटिक आणू नये असा संघटनेचा नियम नव्हता. असता तर त्यांनी तो तिथल्या तिथे माझ्या तोंडावर फेकला असता. शेवटी इलारिओन म्हणाला, बरं, आण बाई तुला हवी ती, आणि नव्या जीपचा पाद्रिनो मी होईन. मला भरून आलं. मला वाटलं, माणूस हरला तरी मनानं मोठा आहे. आमच्याकडे नवी गाडी आली की तिची चाल्या करतात, चाकांवर बिअर शिंपडून धरणीमातेला तिचा वाटा देतात, आणि त्या वेळी गाडीचा जो पाद्रिनो असतो तो तिला काहीतरी भेट देतो. कुणी टायर देतं, कुणी रेडिओ. इलारिओननं गियरबॉक्स दिला.

आणि पाद्रिनोची भेट परत करायची नसते. टायर बोडका निघाला तरी तो लावून फिरायचं. परत केली म्हणजे नातं तोडलं, उद्यापासून रस्त्यात भेटलात तर एकमेकांना नमस्कारही नाही. इलारिओनला हे पक्कं माहीत होतं. त्यानं हे प्रेमानं केलं की डोक्यानं, हे मला सांगता येईना, आणि राग त्याचाच जास्त आला.

मी वर्कशॉपमधूनच त्याला फोन लावला.

"मिळाली का भेट?" तो खुशीत होता.

"मिळाली. परत घे."

त्याला आधी चेष्टाच वाटली.

"कोमाद्रे, पाद्रिनोची भेट कुणी परत करतं का?"

"माझ्या डाव्या पायाला विचार."

"पायाचाच तर प्रश्न आहे. पायाला जमत नाही म्हणून तर विल्देर आहे. मी तुझं वाईट करीन का? योवाना माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, पाद्रिनो, आईला आवरा."

म्हणजे माझ्या पोरीचाही यात हात होता.

"रडली असेल. ती माझी मुलगी आहे, तिचं मी बघते. तू तुझ्या गियरबॉक्सचं बघ."

"मी दिलेली वस्तू परत घेत नाही."

"मग ती माझी झाली. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवीन."

"ती काढलीस तर आपलं नातं संपलं, बेनेदिक्ता." कोमाद्रे म्हणायचं त्यानं तिथेच सोडलं.

"मग संपलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांचं नातं होतं ते, माझा पाय मोडला तेव्हा मला पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत आणणारा इलारिओनच होता. हे मी विसरले नव्हते. पण पाठीवर घेतलं म्हणून जन्मभर पाठीवरच बसून राहायचं का?

फोर्तुनातोला मी सांगितलं, माझा आधीचा गियरबॉक्स परत बसव. त्यानं कानावर हात ठेवले. ज्यानं पैसे दिले त्याचा निरोप आल्याशिवाय तो पान्याला हात लावणार नव्हता. मी विचारलं, गाडी कुणाच्या नावावर आहे? तुमच्या. मग? तो म्हणाला, आणि तुमचा जुना गियरबॉक्स विकला गेलाय, आज दुपारी गिऱ्हाईक न्यायला येतंय.

तो कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडला होता. मी गेले, ताडपत्री ओढून काढली आणि त्याच्यावर बसले. पोयेरा चारी बाजूंनी पसरला. कोंबडी अंड्यांवर बसते तशी बसले आणि पिशवीतून कोकाची पानं काढून चघळायला लागले.

"दोन्या, उठा. तेलानं माखलाय तो."

"धुतला जाईल पोयेरा."

गिऱ्हाईक आलं. लेदर जॅकेट घातलेला टॅक्सीवाला. त्यानं विचारलं गियरबॉक्स कुठाय, फोर्तुनातोनं माझ्याकडे बोट दाखवलं. टॅक्सीवाल्यानं मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. म्हणाला, मावशीसकट घ्यायचा का? मी म्हटलं, घे की, पण मावशी झोपेत बडबडते आणि जावयांना बदडते. तो हसत हसत निघून गेला.

संध्याकाळपर्यंत फोर्तुनातोचा धीर सुटला. मी त्याला म्हटलं, हा जो क्लचचा गियरबॉक्स तू बसवलायस तो आता माझा आहे ना? तो तू ठेव. विक, फेकून दे, गळ्यात घाल. त्याच्या बदल्यात माझा मला बसवून दे. त्यानं जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डोंगरात पस्तावाल."

"पस्तावले तर तुला सांगायला येईन. हीच गाडी चालवत येईन."

पुढचे काही दिवस मी चुलतबहिणीकडे राहिले आणि रोज सकाळी जाऊन वर्कशॉपमध्ये टायरवर बसले. मी डोळ्याआड झाले की फोर्तुनातोला परत इलारिओनचा फोन येईल, अशी धास्ती होती मला. फोन आलेही. फोर्तुनातो बाहेर जाऊन बोलायचा आणि मान खाली घालून आत यायचा. पण काम केलं त्यानं. तिसरं पेडल काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आठवण म्हणून न्या. मी ते त्याच्या भंगाराच्या ढिगात टाकलं.

एल आल्तोहून चुल्पायापर्यंत मी एकटी चालवत आले. खूप महिन्यांनी स्टिअरिंग हातात आलं होतं. डावा पाय दर वळणावर फरशीला ठोकर मारत होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता काम नाही. घाटाच्या माथ्यावर, धुक्यात, मी मोठ्यानं गात होते आणि रडतही होते. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीला दारू चढली. मला काही चढली नव्हती. मी खूश होते.

घरी योवाना दारातच उभी होती. विल्देर आत होता, बाहेर आला नाही.

"आई, तू दरीत गेलीस तर?"

"विल्देर जाऊ शकत नाही का दरीत? त्याच्यासाठी गेली होतीस का कुणाकडे रडायला?"

"त्याचे दोन्ही पाय धड आहेत."

"या गाडीला एकच लागतो."

मग ती म्हणाली की तू जीपखाली सापडलीस तेव्हा मी इथे सूप ढवळत होते आणि मला कुणी कळवलंच नाही, तेव्हापासून तुझी गाडी सुटली की माझ्या हातातला डाव थांबतो. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. माझा राग अर्धा उतरला. पण अर्धाच. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, डाव थांबू दे, मी नाही थांबणार. ती माझ्या खांद्यावर हमसली, पण पुन्हा कुणाकडे गेली नाही.

कार्निव्हलचा मंगळवार आला. त्या दिवशी चौकात सगळ्या जीपा धुऊनपुसून उभ्या करतात, बॉनेटवर फुलं, आरशांना कागदी झिरमिळ्या, आणि ज्याचा त्याचा पाद्रिनो बिअरच्या बाटल्या घेऊन हजर. माझी जीप मी टोकाला लावली. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. दोघातिघांना मी स्वतः विचारलं की पाद्रिनो व्हाल का. एकाची बायको आजारी होती, एकाला लगेच कुठेतरी जायचं होतं, तिसरा खरं बोलला, म्हणाला, दोन्या, मला सचिवाशी वाकडं घ्यायचं नाही.

मग मी एकटीनंच चाल्या केली. आधी पुढची दोन चाकं, मग मागची, मग इंजिन, आणि उरलेली सगळी बिअर जमिनीवर ओतली. स्वतः एक घोट घेतला नाही. घेतला असता तर चार लोकांत रडले असते, आणि ते मला त्यांना बघू द्यायचं नव्हतं. बाकीचे पीत होते. दुपारपासून पीत होते, ढोल वाजत होते, इलारिओन मधोमध नाचत होता, झिरमिळ्यांनी नखशिखांत मढलेला. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिला नंबर माझा होता. पाऊस पडत होता, रस्ता म्हणजे नुसता रबडा. आमच्याकडे पहिली गाडी भरली की ती सुटते आणि दुसरी पुढे येते. पण पहिली भरायच्या आत दुसरी भरली, तर दुसरी सुटते आणि पहिलीची फेरी बुडते. दुसरा नंबर इलारिओनचा होता.

मी स्टिअरिंगवर बसून होते. माणसं येत होती, प्लॅस्टिक पांघरून, गाठोडी घेऊन. जीपांच्या पुढे उभे असलेले दोघे चालक, ज्यांना नीट उभंही राहता येत नव्हतं, येणाऱ्या माणसांना सांगत होते, पहिली सोडा, ती ऑटोमॅटिक आहे, उतारावर धरत नाही. माणसं माझ्याकडे बघायची, अवघडायची आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसायची. त्यातल्या कितीतरी जणांना मी ताप असताना, बाळंतपणात, मयताला खाली-वर नेलं होतं. मी कुणाला हाक मारली नाही. हाक मारून बसवायची वेळ आली तर मग ती गाडी कसली आणि मी चालक कसली?

पण आज फेरी बुडाली की परवाही बुडेल. मग तेरवा. नियम करायची गरजच नव्हती. मला कुणी रांगेतून काढलं असंही झालं नसतं. मी रांगेत बसून बसून संपले असते, आणि मग एके दिवशी विल्देर गियरची गाडी घेऊन माझ्या जागी उभा राहिला असता.

तेवढ्यात सातुर्निना आली. इलारिओनची बायको. पाठीवर चीजचं गाठोडं, ती दर बुधवारी खाली बाजाराला जाते. इलारिओननं काच खाली केली.

"इकडे ये. पुढची जागा ठेवलीय तुझ्यासाठी."

सातुर्निना पावसात उभी राहिली. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या जीपकडे.

"कधी झोपलास काल?"

"झोपलो की."

"झोपला नाहीस, पडलास. बूट मी काढले."

आजूबाजूचे हसायला लागले. इलारिओन म्हणाला की त्यात काय, या रस्त्यावर मला डोळे मिटून गियर सापडतो.

"ठाऊक आहे," सातुर्निना म्हणाली. "मिटलेलेच आहेत ते."

ती माझ्या खिडकीशी आली. पाण्याचे थेंब टोपीवरून गळत होते.

"बेनेदिक्ता, काल प्यायलीस का?"

"नाही."

"अजिबात?"

"सगळी चाकांना पाजली."

तिनं दार उघडलं, गाठोडं आत ढकललं आणि माझ्या शेजारी बसली. गळ्यात कालच्या कागदी झिरमिळ्यांची एक माळ राहिली होती. ती तिनं काढली आणि माझ्या आरशाला बांधली.

"या गाडीला पाद्रिनो नाही म्हणे. मग मी माद्रिना. योवानाच्या बाप्तिस्म्याला हा एकटाच उभा होता का? त्यानं नातं तोडलं असेल त्याचं. मला कुणी विचारलं नव्हतं." आणि मग मागे वळून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पेडलं दोन असोत नाहीतर चार. वरचं डोकं शुद्धीत पाहिजे."

इलारिओनच्या जीपमधून आधी कोंबड्यांची करंडी घेतलेला म्हातारा उतरला. मग दोन बाया. मग बाकीचे, एकमेकांकडे न बघता. माझी जीप भरली. मी दांडा ओढला, फोर व्हील लो मध्ये टाकलं आणि सुटले.

खरं सांगायचं तर तो उतार सोपा गेला नाही. जुनी जीप पहिल्या गियरमध्ये जशी दात रोवून उतरायची तशी ही नाही उतरली. धरत होती, पण मधूनच सैल सोडायची आणि मला ब्रेक द्यावा लागायचा. अर्ध्या वाटेवर जळका वास आला. धबधब्यापाशी जरा सपाटी आहे, तिथे मी थांबवली आणि सगळ्यांना उतरवलं. ब्रेक गार होईपर्यंत कुणी आत बसायचं नाही म्हटलं.

कोंबड्यांवाला कुरकुरला. म्हणाला, गियरची असती तर एव्हाना पोहोचलो असतो.

"गियरची असती तर मी घरी असते," मी म्हटलं, "आणि तुम्ही त्याच्या जीपमध्ये, देवाचं नाव घेत. थांबेन म्हटलं होतं, थांबलेय. घाई असेल तर रस्ता मोकळा आहे, चालायला लागा."

चालायला कुणी लागलं नाही. सातुर्निनानं चीज कापून सगळ्यांना वाटलं. आम्ही खात असताना इलारिओनची जीप वरून आली, जेमतेम भरलेली, आणि आमच्या शेजारून खाली गेली. त्यानं हॉर्न वाजवला नाही. तो आमच्या आधी खाली पोहोचणार होता. पोहोचू दे म्हटलं, शर्यत लावलीच कुणी होती?

पुन्हा निघालो तेव्हा सातुर्निना माझ्या पायांकडे बघत होती.

"डावा पाय का आपटतेस सारखा?"

"क्लच शोधतोय तो."

"अजून?"

"अजून. मी सांगितलंय त्याला, ऐकत नाही."

ती हसली. तळाशी संत्र्याची झाडं दिसायला लागली तेव्हा म्हणाली, मलाही शिकव एखाद दिवस, मला दोन पेडलं जमतील. मी म्हटलं, जमतील.

दुपारी पाऊस थांबला आणि आम्ही भरलेल्या जीपनं परत वर आलो. चढाला ती अशी चढली की मला तिचा मुका घ्यावासा वाटला. चौकात पोहोचले तर योवाना देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली होती. मला पाहून ती उठली आणि घराकडे गेली. सूप टाकायला गेली असणार.

इलारिओन आधीच परतला होता. तो रांगेच्या कडेला उभा होता, सचिव म्हणून परतणाऱ्या गाड्यांना जागा दाखवत. डोळे लाल होते, पण आता शुद्धीत होता. मी त्याच्यापाशी जीप थांबवली. सातुर्निना माझ्या शेजारीच होती, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, गाठोड्याची गाठ सोडत बसली. तो खिडकीशी आला. आत वाकला, माझ्या पायाशी असलेली ती दोन पेडलं त्यानं नीट पाहिली, आणि बाजूला ताठ पडलेला माझा डावा पायही पाहिला. आता हा काहीतरी बोलणार आणि मीही काहीतरी बोलणार, आणि मग कायमचंच बिनसणार, असं मला वाटलं. मी तयार होते. उत्तरं अगदी जिभेवर होती.

कोमाद्रे म्हणाला नाही तो. बेनेदिक्ताही म्हणाला नाही. खाली गेलेला प्रत्येक चालक परत आला की त्याला, मग तो सख्खा भाऊ का असेना, जे दोन शब्द तो तोंडाकडेही न बघता सांगतो, तेच त्यानं मला सांगितले.

"मागे लाव."

माझे डोळे भरून आले; रांगेतला माझा नंबर शाबूत होता. मी दांडा रिव्हर्सला टाकला, रांगेच्या टोकापर्यंत मागे गेले आणि शेवटच्या जीपच्या मागे माझी जीप लावली.